सडा म्हणजे पडीक जमीन नव्हे

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गावांचे सातबारे बघा. सड्याचा गट आला की पुढे 'पोटखराब', 'पडीक' असे शब्द भेटतात. नांगर चालत नाही, सारा मिळत नाही, म्हणजे जमीन वाया गेली, असा हा महसुली हिशेब. पाण्याचा हिशेब वेगळा आहे. तो कुणी मांडत नाही, म्हणून हा लेख.

सडा झाला कसा, ते आधी पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला आणि थरावर थर बसून आपला काळा दगड तयार झाला. माथ्यावरचा काळा दगड पुढे लाखो वर्षं ऊन-पावसात कुजला. चुना, सोडा, वाळूचा अंश पाण्याबरोबर निघून गेला. लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. तोच आपला तांबडा जांभा. ॲल्युमिनियमचा अंश जिथे फार वाढला तिथे बॉक्साइट झालं. म्हणजे सड्याचं पाणी आणि सड्यावरची खाण या दोन्ही गोष्टी एकाच दगडातून निघतात. भांडणाचं मूळ इथेच आहे.

जांभ्याला भोकं आणि भेगा असतात. पावसाळ्यात तो स्पंजासारखं पाणी पितो. खाली चिकणमाती आणि घट्ट काळा दगड लागला की पाणी अडतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या पायाला झरा म्हणून बाहेर येतं. महाबळेश्वरला कृष्णा उगम पावते ती अशाच दगडातून. तुमच्या गावचा जिवंत पाणवठा मार्च-एप्रिलमध्ये जाऊन बघा. तांबडा दगड संपून काळा सुरू होतो, पुष्कळदा त्याच्या आसपासच तो सापडेल. सडा फोडला तर ही टाकीच फुटली म्हणायची.

आता माती. सड्यावर ती बोटभरही नसते आणि तिच्यात नत्र तर नावालाच. म्हणून तिथल्या सीतेची आसवं, दवबिंदू या वनस्पती किडे धरून नत्राची गरज भागवतात. साताऱ्याचं नाव शास्त्रीय नावात मिरवणारा वायतुरा अशाच सड्यांवर उगवतो. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा ठरली. त्यांत आपल्या राज्यातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. चारही आपल्याच भागातली.

पैकी चांदोलीचा इतिहास विसरून चालणार नाही. १९८५ साली अभयारण्य आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे सुमारे ३१८ चौरस किलोमीटरचं रान काही पूर्वापार निर्मनुष्य नव्हतं. प्रचितगड, भैरवगड कोकणातून वर येणाऱ्या वाटांवर नजर ठेवून होते. सड्यांच्या आधाराने गावं नांदत होती, भाताची खाचरं होती. वारणेवरचं धरण आणि नंतर अभयारण्य यांत गावंच्या गावं उठली. आज त्या खाचरांत गवे चरतात. त्या लोकांनी काय सोडलं, हे लक्षात ठेवूनच सड्याविषयी बोलावं.

पण उद्यानाच्या बाहेरही कितीतरी सडे आहेत. ते गावांचे, खातेदारांचे, गायरानाचे आहेत. कोल्हापूरच्या पश्चिम भागात सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी निघाल्या. पाटण तालुक्यात वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी रस्ते कापले गेले. शिवाय आमच्या खात्याचा मंत्र 'माथा ते पायथा'. तो चांगलाच आहे, पण माथ्यावर सडा असेल तर तिथे चर आणि खड्डे खणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे पाणी मुरवायचं काम दगडच करतो आहे. बोटभर मातीत लावलेलं झाड जगत नाही, वर होती ती मातीही उकरली जाते. समतल चर आणि झाडं कड्याखालच्या मातीच्या उतारावर घ्या.

तुम्ही म्हणाल, "साहेब, पाणी खरं, पण पोट कशानं भरायचं? कंपनी भाडं तरी देते." प्रश्न रास्त आहे. सगळे सडे कुलूपबंद करा, असं मी म्हणत नाही. कासला आजूबाजूच्या गावांच्या समित्या प्रवेश शुल्क घेऊन व्यवस्था बघतात, हे एक उदाहरण आहे. प्रत्येक गावाचं कास होणार नाही, हेही खरं. पण झरा आटला तर खालच्या वाडीचं भात, जनावरं आणि पिण्याचं पाणी तिन्ही जातं. भाडं मिळतं सड्याच्या मालकाला, टँकरची वाट बघते वाडी.

म्हणून सरपंच, तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींना विनंती. सड्याबाबत कुठलाही ठराव ग्रामसभेपुढे येण्याआधी सड्याखालच्या झऱ्यांची यादी करा. कोणत्या झऱ्यावर किती घरं, किती जमीन, ते लिहा. जैविक विविधता कायदा २००२ चा आहे. त्याखालची समिती तुमच्या ग्रामपंचायतीत कागदावर असेलच. तिच्या नोंदवहीत सडा, झरे, चराई आणि वनस्पती उतरवा. आणि फाल्गुन-चैत्रात वणवा लावणाऱ्याला गावानेच आवरा.

सातबाऱ्यावरचा 'पोटखराब' शेरा एका दिवसात बदलणार नाही. पण त्याच्या शेजारी गावाने स्वतःची नोंद ठेवली, तर उद्या कागद घेऊन येणाऱ्याला उत्तर देताना तुमच्याही हातात कागद असेल.