एक काउंटर कमी करा!

माणूस रांगेला किती कंटाळतो, हे मी बँकेच्या काउंटरच्या आत बसून गेली वीस-बावीस वर्षं पाहतो आहे. पुढे चार माणसं असली की पाचवा घड्याळ पाहतो, आणि सहावा 'हे बँकवाले म्हणजे...' अशी सुरुवात करून माझ्या सात पिढ्यांचं लेजर उघडतो. पण हाच सहावा माणूस इस्त्रीचे कपडे घालून लग्नाला जातो, हातात रिकामी प्लेट धरून तीस माणसांच्या मागे उभा राहतो आणि तोंडातून ब्र काढत नाही. आमच्याकडे रांगेच्या शेवटी निदान स्वतःचे पैसे तरी मिळतात. तिथे मंचुरियन मिळतं.

माझं भांडण मंचुरियनशी नाही. १९७५ च्या सुमारास नेल्सन वँग नावाच्या आचाऱ्याने ते मुंबईच्या क्रिकेट क्लबात पहिल्यांदा केलं, असं सांगतात. म्हणजे ते आपल्याच राज्यातलं आणि वयाने माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठं. वडीलधाऱ्यांना नावं ठेवण्याची आमच्या घरी पद्धत नाही. माझं भांडण आहे ते काउंटरशी. लग्नाच्या जेवणातून काउंटर उठला पाहिजे, आणि सगळे उठत नसतील तर निदान एक एक करून कमी झाले पाहिजेत.

माझं घर जळगावचं आणि सासुरवाडी धुळ्याची. त्यामुळे दोन्हीकडच्या लग्नांचं जेवण ठरवण्याच्या बैठकीला मला बसवतात. कॉमर्सचा पदवीधर आहे, हिशेब पाहील, अशी समजूत. पूर्वी ही बैठक आचाऱ्याबरोबर व्हायची. तो बाजेवर बसून चहा बशीत ओतायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "पानं किती?" आकडा सांगितला की डाळ, पीठ, तेल, गूळ, सरपण अशी यादी तोंडानेच सुरू व्हायची. हळदीला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. लग्नाला गंगाफळाची भाजी, पुरी, वरण-भात, बुंदी, मठ्ठा. चर्चा संपली. उरलेला वेळ मानपानावर रुसायला मोकळा.

आता केटरर येतो. त्याच्याकडे प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं रंगीत मेनूकार्ड असतं आणि त्याचा प्रश्न वेगळा असतो, "काउंटर किती लावायचे, भाऊ?" वेलकम ड्रिंकचा एक, चाटचा एक, चायनीजचा एक, साउथ इंडियन, पंजाबी, पास्ता, आइस्क्रीम आणि शेवटी पान. मुलीचा बाप वहीत लिहून घेतो. लिहिता लिहिता त्याचा चेहरा मार्चअखेरच्या माझ्या चेहऱ्यासारखा होत जातो. पाहुणे किती हा प्रश्न शेवटी येतो आणि 'धरा हजारेक' असं उत्तर जातं.

आता मजा पाहा. बुफे हा शब्द फ्रेंचांचा आणि त्यांच्याकडे मूळ अर्थाने ते एक कपाट आहे, भांडीकुंडी ठेवायचं. कपाटाजवळ उभं राहून खाणं ही वेळ घाईच्या माणसावर येते. आपण ती वऱ्हाडावर आणली आणि तिला प्रतिष्ठा म्हणालो. बरं, रांग लावून माणूस करतो काय? 'पुन्हा कोण उभं राहणार?' असं म्हणून एकदाच सगळं भरून घेतो. नूडल्सवर भजी, भज्यावर गुलाबजाम, गुलाबजामाच्या पाकात बुडालेला पापड. चार घास खाल्ले की त्यालाच आपल्या ताटाची किळस येते आणि ते टबात जातं. आग्रहाच्या जिलेबीनेही पानं टाकली जायची, नाही असं नाही. पण वाढपी थोडं थोडं वाढतो, नको म्हटलं की पुढे जातो. बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने मागे तिथल्या लग्नांची पाहणी केली, तर त्या एका शहरात लग्नसमारंभांत वर्षाला ९४३ टन चांगलं अन्न वाया जात असल्याचं निघालं. आपल्याकडे असं मोजलेलं नाही म्हणून आपण सुखी आहोत.

आणि एवढ्या गर्दीत आपली बट्टी कुठे असते? कोपऱ्यात! 'खान्देशी काउंटर' अशी पाटी, गवताची खोटी झोपडी, पुढे फेटा बांधलेला एक पोरगा. अहो, खान्देशात खान्देशी काउंटर? म्हणजे आमच्याच घरात आम्हाला पाहुण्यांच्या खोलीत झोपवण्यासारखं झालं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या केळीला मिळालं, नवापूरच्या तूरडाळीलाही मिळालं. वांगी, केळी आणि डाळ! सरकारने जणू पंगतीचं अर्धं पान शिक्का मारून हातात दिलं, आणि आम्ही मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, मांडवात मेयोनीज ठेवतो. बट्टीला त्या उन्हाचं काही वाटत नाही. ती मुळात आगीतून आलेली असते.

माझा एक मावसभाऊ काही वर्षं नायजेरियात लागोसला नोकरीला होता. तिथली लग्नं म्हणे आपल्यासारखीच; बोलावलेले आणि न बोलावलेले मिळून हजाराचा आकडा सहज गाठतात. पदार्थही बरेच असतात. पण मधोमध मान असतो जोलोफ भाताचा. टोमॅटो, लाल मिरची आणि कांद्याच्या वाटणात शिजवलेला लालभडक भात. तो मोठ्या पातेल्यात, लाकडांच्या जाळावर केलेला आणि धुराचा वास लागलेला हवा. घरच्या गॅसवर ती चव येत नाही म्हणून 'पार्टी जोलोफ' असं त्याला निराळं नावच आहे. शेजारचे घानावाले म्हणतात, जोलोफ खरा आमचाच. त्यावरून दोन्ही देशांचे लोक हिरिरीने भांडतात. याला म्हणतात अभिमान! आमच्याकडे बट्टी गोवऱ्यांवर भाजायची की उकडून तळायची, यावर सासुरवाडीशी माझी रात्र रात्र चर्चा होते, पण मेनू ठरवताना दोन्ही पक्ष एकमुखाने म्हणतात, "पास्ता पाहिजे. बरं दिसतं."

हे 'बरं दिसतं' कितीला पडतं, ते मला माझ्या खुर्चीवरून दिसतं. लग्नसराई आली की सोनेतारणाच्या टेबलावर गर्दी होते. बायका येतात, रुमालात बांधलेली पोत आणि पाटल्या काढतात, वजन होईपर्यंत काट्याकडे पाहत राहतात. मुलीच्या अंगावर घालायला आईने जपलेलं सोनं, लग्नाच्या आधीच पनीर होऊन जातं. आता हिशेब मांडा. समजा, हजार पानं आणि पानाला तीनशे रुपये. झाले तीन लाख. शेकडा नऊने वर्षाचं व्याज सत्तावीस हजार. लांब धाग्याच्या कापसाचा २०२४-२५ चा हमीभाव होता क्विंटलला ७५२१ रुपये. म्हणजे त्या एका संध्याकाळी जवळजवळ चाळीस क्विंटल कापूस खाल्ला गेला, आणि साडेतीन क्विंटलांहून जास्त नुसता व्याजापायी. कोरडवाहूला एकरी पाच क्विंटल धरला, तर आठ एकरांचं सबंध पीक पाहुण्यांनी तीन तासांत फस्त केलं. बोंडअळीला एवढं जमत नाही.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, लोक काय म्हणतील? लोक तीस पदार्थ खाऊनही 'पनीर कडक होतं' म्हणतात. नावंच ठेवून घ्यायची तर सहा पदार्थांत ठेवून घ्या, स्वस्त पडतं. दुसरा, एवढी माणसं बसवणार कशी आणि वाढणार कोण? हा मात्र खरा आहे. म्हणून हजाराची यादी आधी तीनशेवर आणा. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत पन्नास माणसांत लग्नं लावायचा नियम आला. ती लग्नं पन्नास टक्केच लागली, असं काही ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. पंगतीत जातिभेद होता. कोणाची पंगत कुठे, कोणी आधी बसायचं, हे ठरलेलं असायचं आणि घरच्या बाया शेवटी उरलंसुरलं खायच्या. बुफेने हे मोडलं, तेवढं पुण्य मी त्याच्या खात्यावर जमा करतो. पण ती मोडलेली भिंत पुन्हा न बांधताही शेजारी शेजारी बसता येतं ना? पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली प्राणांतिक उपोषण करणारे साने गुरुजी आमच्याच अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. त्या जिल्ह्यात एका ओळीत मिसळून बसायला आणि वाढायचं काम पुरुषांनी उचलायला हरकत नसावी.

तेव्हा मुलींच्या बापांनो, आणि त्यांना घाबरवणाऱ्या मुलांच्या बापांनो, केटररच्या कार्डावर बोट ठेवा आणि सुरुवातीला एक काउंटर खोडा. मग दुसरा. बट्टीला कोपऱ्यातून उठवून मांडवाच्या मधोमध आणा. वाढायला माणसं कमी पडली तर नवरदेवाच्या मित्रांना नाचातून अर्धा तास सोडवून आणा. त्यांचेही पाय दुखत असतात. आणि तरीही एखादा हात कमी पडलाच तर मला हाक मारा. मी येईन. तुपाचं भांडं माझ्याकडे द्या. दिवसभर मोजत असतो. तूप वाढताना मोजणार नाही.