दावणीवरून गेलेली जोडी

सरळ धाव, बैलांची एक जोडी आणि सेकंद मोजणारं घड्याळ. शहरातली पोरं जिला ड्रॅग रेस म्हणतात, तिचा आमच्या भोकरदन-जाफराबादकडचा अवतार म्हणजे शंकरपट. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली आणि हातावर पोट असलेल्या धुरकऱ्यांची, म्हणजे जोडी हाकणाऱ्यांची, पंचाईत झाली. पटाचा बैल नांगराला जुंपवेना, नुसता बसवून पोसणं परवडेना. (खुराक दूध-अंड्यांचा, तोही घरच्या पोरांआधी!) कित्येकांनी बाजार दाखवला. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली, १८ मे २०२३ रोजी शर्यतींना मुभा देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब झालं; विकलेली जोडी मात्र परतली नाही. अटींमुळे चाबूक-पराणी गेली, हे उत्तमच. या अंकात अशा धुरकऱ्यांच्या आठवणी आहेत. तुमच्या जोडीचा जुना फोटो असेल, तर जरूर पाठवा.