मानांकनाची पाटी आणि आपल्या मुलांचा हक्क

बारामतीच्या भिगवण रस्त्यावर विद्यानगरी वसली आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानने २००० साली बारामतीत अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. आज ते कमलनयन बजाज यांच्या नावाने ओळखले जाते. इंदापूर तालुक्यात वनगळी येथेही खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे. ज्या शिक्षणासाठी पूर्वी पुणे गाठावे लागे, ते आता घरून जाऊन-येऊन घेता येते. गरीब घरातील मुलांची, विशेषतः मुलींची, ही मोठी सोय झाली आहे. परंतु सोय म्हणजे हक्क नव्हे. सोय दुसरा देतो. हक्क आपण बजावून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना १९८३ साली परवानगी मिळाली. अशा संस्थांवर शासनाला राखीव जागांची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने इनामदार खटल्यात ऑगस्ट २००५ मध्ये दिला. त्यानंतर ९३ वी घटनादुरुस्ती होऊन घटनेत कलम १५ (५) आले आणि २००६ साली महाराष्ट्राने खाजगी व्यावसायिक संस्थांसाठी राखीव जागांचा कायदा केला. म्हणजे या दारातून आत जाण्याचा आपला अधिकार कोणाच्या औदार्याने मिळालेला नाही, तो कायद्याने मिळालेला आहे.

आता प्रवेशाचे दिवस आले की प्रत्येक संस्थेच्या जाहिरातीत मानांकनाची अक्षरे झळकतात. पालक ती पाहून दिपतो. ती अक्षरे काय सांगतात, हे नीट समजून घेतले पाहिजे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता म्हणजे महाविद्यालय चालविण्याची परवानगी. विद्यापीठाची संलग्नता म्हणजे परीक्षा व पदवी यांची व्यवस्था. या दोहोंचा मानांकनाशी घोटाळा करू नये. 'नॅक' ही १९९४ साली स्थापन झालेली परिषद संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते. राष्ट्रीय मानांकन मंडळ, म्हणजे 'एनबीए', एकेका अभ्यासक्रमाचे करते. यंत्र शाखेला मानांकन मिळाले म्हणून संगणक शाखेलाही ते असतेच असे नाही. शिवाय प्रत्येक मानांकनाला मुदत असते. म्हणून पालकाने दोन गोष्टी विचाराव्यात: माझ्या मुलीच्या शाखेला मानांकन आहे काय, आणि ते केव्हापर्यंत आहे?

मानांकन निरर्थक आहे, असे आमचे म्हणणे नाही. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि त्या कराराच्या कक्षेत येणाऱ्या मानांकित अभ्यासक्रमांच्या पदवीला परदेशी मान्यतेचा मार्ग खुला झाला. तथापि श्रेणीपुढे डोळे मिटून नतमस्तक होण्याचेही कारण नाही. आंध्र प्रदेशातील एका संस्थेला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या तपासणी समितीतील सदस्यांनाच केंद्रीय अन्वेषण विभागाने फेब्रुवारी २०२५ मध्ये अटक केली. ऐकीव गोष्ट पारखल्यावाचून स्वीकारू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश येथेही लागू पडतो.

पारखावयाचे कसे? नॅकसाठी संस्था आपला स्वयंअध्ययन अहवाल तयार करते व तो प्रसिद्धही करते. राखीव जागांपैकी किती भरल्या, शिष्यवृत्ती व फीमाफीचा लाभ किती विद्यार्थ्यांना मिळाला, तक्रार निवारणाची व्यवस्था कोणती, हे त्यात लिहावे लागते. जाहिरातीतील एका अक्षरापेक्षा ही पाने आपल्या उपयोगाची आहेत. वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी ती वाचावीत आणि विहारात बसून पालकांना समजावून सांगावीत.

परंतु या मोजमापात एक मोठी उणीव आहे. राखीव जागांवर किती जण आत आले हे मोजले जाते. त्यांच्यापैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, हे वेगळे मोजले जात नाही. उत्तीर्णांची टक्केवारी सर्वांची मिळून एकच असते. नोकरी लागलेल्यांचा आकडाही तसाच. पहिल्या वर्षी गणितात अडखळून, इंग्रजीला बिचकून किंवा शिष्यवृत्ती वेळेवर न आल्यामुळे जो मुलगा शिक्षण सोडून घरी परततो, तो त्या बेरजेत नाहीसा होतो. आमच्या मते हीच खरी कसोटी आहे. जी संस्था राखीव जागेवरील विद्यार्थ्याला शेवटच्या परीक्षेपर्यंत नेते, तीच वरच्या श्रेणीस पात्र होय. हे आकडे प्रवर्गवार जाहीर करणे मानांकनाच्या नियमांतच सक्तीचे झाले पाहिजे, आणि ही मागणी आपल्या संघटनांनी केली पाहिजे.

तोपर्यंत आपल्या हातातील गोष्टी आपण कराव्यात. प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्यावा. संस्थेच्या स्तरावरील जागा घेतल्यास शिष्यवृत्तीवर पाणी सोडण्याची पाळी येते. जातीचा दाखला व पडताळणी प्रमाणपत्र यांची तयारी बारावीच्या आधीच करावी. दीक्षा घेतली म्हणून सवलत जाईल, ही भीती अद्याप कित्येक घरांत आहे. ती टाकून द्यावी. महाराष्ट्र शासनाने १९६० नंतर राज्याच्या सवलती बौद्धांना लागू केल्या आणि १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून केंद्राचा मार्गही मोकळा केला. देणगी मागितली तर देऊ नये. १९८७ च्या कायद्याने ती घेणे गुन्हा आहे. जे पैसे भराल, त्याची पावती घ्यावी.

बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयांना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तांत्रिक शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी केली होती. ज्यांच्या हाती यंत्र व विज्ञान असेल त्यांच्याच हाती उद्याचा अधिकार असेल, हे जाणल्यावाचून अशी मागणी होत नाही. त्या मागणीची फळे आज आपल्या तालुक्यांच्या दारी आली आहेत. ती पदरात घेताना आपण याचकासारखे खाली मान घालून उभे राहू नये. कागद वाचावा, प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी मागावे.