रेपो दर उतरला, वस्तीतला हप्ता का उतरत नाही?

रिझर्व्ह बँकेच्या व्याजदराची बातमी आली की आपली माणसे वर्तमानपत्राचे ते पान उलटून पुढे जातात. शेअर बाजारवाल्यांचा खेळ आहे, आपल्याला काय त्याचे, असा समज रुजला आहे. हा समज आम्हाला मान्य नाही. भाव वाढतात तेव्हा मजुरी त्या वेगाने वाढत नाही आणि तोटा कष्टकऱ्याच्या पदरी पडतो, हे बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात दाखवून दिले. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी साक्षही दिली. चलनाचा प्रश्न हा भाकरीचा प्रश्न आहे, ही दृष्टी आपल्याला त्यांनी दिली.

रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने इतर बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते तो दर. तो वाढला की कर्ज महागते, मागणी घटते आणि महागाईला लगाम बसतो. पण त्याच वेळी बांधकामे मंदावतात आणि त्याची पहिली झळ मजूर नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला लागते. दर उतरला की उलटे घडते. जादा व्याज देणाऱ्या जुन्या रोख्यांची किंमत चढते आणि ज्यांच्याकडे रोखे आहेत त्यांचा फायदा होतो.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. महागाई गरिबाच्याच ताटातला घास पळवते, म्हणून दरवाढीला आमचा सरसकट विरोध नाही. पुढे फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये तो एक टक्क्याने उतरून ५.५ वर आला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ झाला. आमचा सवाल आहे, हा उतार कोणाच्या घरी पोहोचला?

ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या बदलत्या व्याजाच्या गृहकर्जांना रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडणे बंधनकारक आहे. त्यामुळे वीस वर्षे मुदतीच्या वीस लाखांच्या कर्जावर दर साडेआठवरून साडेसातवर आला, तर महिन्याचा हप्ता साधारण साडेबाराशे रुपयांनी उतरतो. पण घरकाम करणारी, भाजी विकणारी आमची बहीण बँकेच्या दारात उभी राहू शकत नाही. ती मायक्रोफायनान्सचे कर्ज घेते. तिथे वीस टक्क्यांच्या वर व्याज सर्रास असते आणि दर ठरलेला तो ठरलेलाच. रेपो चढो की उतरो, ठरल्या दिवशी वसुलीचा माणूस दारात हजर. एकीने हप्ता चुकवला तर गटातल्या बाकीच्या बायकांवर दबाव येतो.

या कंपन्यांच्या व्याजावर पूर्वी मर्यादा होती. १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने ती काढून टाकली. व्याज अवाजवी नसावे, अशी अट ठेवली. स्पर्धेने दर खाली येतील असा त्यामागचा तर्क होता. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२४ मध्ये अवाजवी दर आकारल्याबद्दल चार वित्त कंपन्यांचे नवे कर्जवाटप खुद्द रिझर्व्ह बँकेलाच थांबवावे लागले. लहान कर्जाच्या वसुलीला खर्च जास्त येतो, असे कंपन्या सांगतात. त्यात तथ्य आहे. पण कंपनीला मिळणारा पैसा स्वस्त झाला, तर त्यातला वाटा कर्जदार बाईला का मिळू नये?

रेपो दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीत सहा सदस्य असतात. तीन रिझर्व्ह बँकेचे, तीन केंद्र सरकारने नेमलेले. अर्थशास्त्र, बँकिंग, वित्त किंवा पतधोरण यांचे ज्ञान ही कायद्यातली अट. ज्ञान हवेच. पण श्रमिकांच्या जगण्याचा अभ्यास असलेल्या माणसाला तिथे खुर्ची का नसावी?

आमच्या मागण्या साध्या आहेत. रेपो उतरल्यावर लहान कर्जाचा दर किती उतरला, हे प्रत्येक कंपनीने जाहीर करावे. मायक्रोफायनान्सच्या व्याजाला पुन्हा मर्यादा घालावी. बचत गटांना बँकेतून थेट कर्ज मिळावे. आणि आपल्या कार्यकर्त्यांनी वस्तीत बसून कर्जाची कागदपत्रे वाचायला शिकवावे.

रिझर्व्ह बँकेच्या उभारणीशी बाबासाहेबांचे नाव जोडून आपण अभिमान बाळगतो. नुसत्या अभिमानाने हप्ता उतरत नाही. त्यासाठी त्या बँकेला जाब विचारावा लागेल.