कार्डावरचे पाणी

जुलै संपत आला की शापोर्‍याला आमच्या शेजारच्या अंगणात उलटी घालून ठेवलेली होडी सुलटी होते. झावळ्यांचे आच्छादन निघते, इंजिनाला तेलपाणी होते, जाळ्यांची भोके सांधली जातात. जून आणि जुलै हे मासेमारीबंदीचे दोन महिने आमच्याकडे दुरुस्तीचे आणि उधारीचे. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत शेजारी एक रंगीत कॅटलॉग घेऊन माझ्या बल्कांवात येऊन बसला. होडीवरचे जुने जीपीएस बिघडले होते, नवे घ्यायचे होते, आणि त्यात घालायचे नकाशाचे कार्ड निराळे विकत घ्यावे लागणार होते. "मास्तर, तुमी इंग्लीश वाचतात. खंयचें कार्ड घेवचें?" एवढाच त्याचा प्रश्न.

मी शाळेत भूगोल शिकवला. अक्षांश-रेखांश जन्मभर फळ्यावर काढले. त्यामुळे हे आपल्याला जमेल असा माझा समज. दोन संध्याकाळी बसून आम्ही कॅटलॉग वाचला आणि ज्या कार्डाची चित्रे सर्वांत सुंदर होती ते कार्ड निवडले. ही निवड चुकीची होती. का चुकली ते सांगण्यासाठीच आज लिहितो आहे, कारण या वर्षीही किनार्‍यावर पुष्कळ जण तोच कॅटलॉग उघडून बसले असतील.

आधी त्या सुंदर चित्रांविषयी. ती आपल्या किनार्‍याची नव्हतीच. ती होती अमेरिकेतल्या तळ्यांची. तिकडे मिनेसोटासारख्या राज्यात हजारो तळी आहेत आणि गळाने मासे धरणे हा घरोघरचा छंद आहे. राज्य सरकारचा खातेविभाग तळ्यांच्या खोलीचे नकाशे काढून लोकांना देतो. त्यावर खाजगी कंपन्या स्वतःच्या होड्या फिरवतात आणि फुटाफुटाच्या अंतराने खोलीच्या रेषा काढतात. तिथला माणूस दोन कार्डांतून एक निवडतो तेव्हा त्याच्या तळ्याची मोजणी कोणी अधिक बारकाईने केली एवढेच त्याला पाहायचे असते. शिवाय तळे जागचे हलत नाही. बर्फ येतो, वितळतो, पण तळाचा उंचवटा साधारण तिथेच राहतो.

आपले तसे नाही. शापोरा असो, बेतूलला साळ नदीचे मुख असो, की मांडवीचे आग्वादपाशी उघडणारे तोंड असो, दर पावसाळ्यात समुद्र आणि नदी मिळून वाळूचा दांडा नव्याने रचतात. खनिजाचा धंदा जोरात होता तेव्हा पावसाळ्यात आग्वादचा दांडा ओलांडणे बार्जांना धोक्याचे असे. म्हणून त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरून मुरगाव गाठत. म्हणजे लोखंडी बार्जीसुद्धा ज्या वाळूला मान देत होत्या, तिथे आपण फायबरची होडी घेऊन अंगठ्याच्या नखाएवढ्या कार्डाच्या भरवशावर शिरतो.

त्या कार्डात असते तरी काय? मुळात ते कोणीतरी, कधीतरी केलेल्या मोजणीचे टिपण असते. आपल्या समुद्राची अधिकृत मोजणी नौदलाचे जलालेखन खाते करते आणि त्याचे नकाशे देहरादूनच्या कार्यालयातून निघतात. खाजगी कंपन्या सहसा अशा सरकारी नकाशांवरून आपली कार्डे बनवतात. ही मोजणी होते ती मुख्यतः जहाजांसाठी. जहाज बंदरात जाते, म्हणून मुरगाव बंदराची वाट तपशिलाने मोजली जाते. शापोर्‍याच्या मुखात जहाज जात नाही. तिथे जातो आमचा शेजारी.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. ५०,०००ला एक या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. कागदावर तो नकाशा पाहिला की त्याची मर्यादा डोळ्यांना दिसते. पडद्यावर मात्र बोटाने दाबत गेलो की नदीचे मुख मोठे मोठे होत जाते, रेषा स्वच्छ राहतात, निळा रंग गडद राहतो. आपल्याला वाटते की तपशील वाढला. वाढलेला असतो तो फक्त आकार. दोन मोजलेल्या बिंदूंच्या मधली रेषा संगणकाने अंदाजाने ओढलेली असते, आणि अंदाजाचा रंग वेगळा नसतो.

त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शेजारी पहाटे निघाला. सुकती होती. कार्डावर किल्ल्याच्या बाजूने निळा पट्टा सरळ बाहेर जात होता, त्या पट्ट्यावरून होडीचे छोटे चित्र व्यवस्थित चालले होते. प्रत्यक्षात तिथे दांडा सरकून आला होता. लाट आली तोवर होडी तरंगली. लाट पुढे गेली आणि तळ वाळूवर आपटला, दुसर्‍या लाटेने ती आडवी केली. पंखा मोडला, जाळी गेली, आणि एकोणीस वर्षांच्या भाच्याचा हात कोपरात मोडला. माणसे वाचली हे देवाचे देणे. संध्याकाळी मी भेटायला गेलो तेव्हा शेजारी रागावलेला नव्हता, ते मला जास्त लागले. एवढेच म्हणाला, "कार्डार उदक आसा मास्तर, दर्यांत ना."

कंपनीला दोष देऊन मोकळे होता आले असते. पण ते यंत्र सुरू केले की पहिल्याच पडद्यावर एक सूचना येते. हा नकाशा केवळ साहाय्यासाठी आहे, अधिकृत नकाशा आणि स्वतःची अक्कल वापरावी, अशा अर्थाची. खाली 'मान्य' असे बटण. शेजारी दर पहाटे ते दाबत होता. इंग्रजी त्याला येत नव्हते. मला येत होते, आणि मी त्याला ते वाचून दाखवले नव्हते.

म्हणून आता कोणी विचारले तर मी काय सांगतो ते इथे मांडतो. कार्ड घेण्यापूर्वी दुकानदाराला आपल्या गावाचे नदीमुख पडद्यावर काढून दाखवायला सांगा. पाच मैल बाहेरचा निळा दर्या सगळ्याच कार्डांत सारखा असतो. खरी परीक्षा शेवटच्या अर्ध्या मैलाची. मोजणी कोणत्या सालची, ते विचारा. त्याला सांगता आले नाही तर एक सोपी खूण पाहा. जून २००० मध्ये कांदोळीच्या किनार्‍यावर रुतलेले 'रिव्हर प्रिन्सेस' जहाज सुमारे बारा वर्षांनी तुकडे करून काढले गेले. तुमच्या नव्या कार्डावर ते अजून दिमाखात बसलेले दिसले, तर बाकीची माहिती केव्हाची असेल हे तुम्हीच ओळखा.

मग आकडे समजून घ्या. कार्डावरची खोली आत्ताची नसते. ती अगदी खालच्या सुकतीच्या पातळीपासून मोजलेली असते, त्यात भरतीचे पाणी मिळवायचे. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत हा फरक दोन मीटरपर्यंत जातो. खोली मीटरमध्ये दाखवायची, फुटांत की वांवांत, ते यंत्रात ठरवता येते. आपले जुने लोक वांवांत बोलतात आणि वांव म्हणजे जवळजवळ १.८३ मीटर. पडद्यावरचे 'दोन' नेमके कशाचे हे ठाऊक नसेल तर 'दोन' या आकड्याला काही अर्थ नाही.

स्थान लिहिण्याचीही अशीच गंमत. १५ अंश ३६.५० मिनिटे हे १५ अंश ३६ मिनिटे ५० सेकंद म्हणून लिहून घेतले की २० सेकंदांची चूक होते, म्हणजे सहाशे मीटरांहून अधिक. मित्राने फोनवर सांगितलेला खडक असा सहाशे मीटर सरकतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पैसे मोजकेच असतील तर महाग कार्डापेक्षा स्वतःची मोजणी साठवणारे यंत्र घ्या. हल्ली काही यंत्रांत ही सोय असते. साउंडर चालू ठेवून भरतीच्या वेळी हळूहळू फेर्‍या मारल्या की यंत्र स्वतःच खोलीच्या रेषा काढत जाते. साउंडर होडीखालचे पाणी सांगतो, पुढचे नाही. पण पावसाळ्यानंतर दोन-चार दिवस असे फिरलात तर तुमच्या मुखाचा तुमच्याइतका ताजा नकाशा दुसर्‍या कोणाकडेही नसेल.

कोणी म्हणेल, मास्तर आता म्हातारे झाले, त्यांना यंत्र नको. तसे मुळीच नाही. धुके, रात्र आणि अचानक फिरलेला वारा यांत जीपीएसने किती जणांना घरी आणले ते मी याच वाड्यावर पाहिले आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून समुद्राचे तापमान आणि हिरवा अंश पाहून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते कळवते, तेही अक्षांश-रेखांशांतच. यंत्र हवेच. फक्त विकत घेतलेले ज्ञान आणि आपले ज्ञान यांत कुठले कशासाठी, हे कळले पाहिजे.

आपले ज्ञान कुठे आहे, हा प्रश्न मात्र मला छळतो. शेजार्‍याचे वडील, ज्यांना सारा वाडा आबा म्हणे, तांडेल होते. किल्ल्याचा कोपरा आणि पलीकडचा ठरावीक माड एका रेषेत आले की जाळे टाकायचे, माड सुटला की खडक लागतो, अशा त्यांच्या खुणा. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि ही यंत्रे मच्छीमाराच्या खरोखर उपयोगाची झाली. त्यानंतर काही वर्षांनी आबांनीही हातात धरायचे एक छोटे यंत्र घेतले, आणि साठीच्या वयात, कोणाला न सांगता, आपली सगळी ठिकाणे त्यात भरली. यंत्राला फक्त रोमन अक्षरे कळत. आबांना ती येत नव्हती. म्हणून यंत्राने आपोआप दिलेले आकडेच राहिले. नावे त्यांच्या डोक्यात.

आबा गेले. अपघातानंतर आम्ही ते यंत्र शोधून काढले, नवी बॅटरी घातली. पडद्यावर एकशे ऐंशी बिंदू उमटले. ००१, ००२, ००३... यांतला खडक कुठला, बांगड्याची जागा कुठली, आणि 'इथे जाऊ नकोस' असे सांगणारा कुठला, हे सांगणारे कोणी नाही. बोलता बोलता त्यांनी कधी सांगितलेली सात-आठ नावे मला आठवली. बाकी सगळे आकडे. माझ्या घरापासून त्यांचे अंगण वीस पावलांवर होते. वही घेऊन बसायला मला कोणी अडवले होते का?

जुआंव द कास्त्रो या पोर्तुगीज दर्यावर्दीने १५३८-३९ साली गोव्यापासून दीवपर्यंत जाताना नदीमुखांची वर्णने आणि चित्रे करून ठेवली. जे त्याला ठाऊक नव्हते ते त्याने लिहून काढले, म्हणून पावणेपाचशेहून अधिक वर्षांनी ते वाचता येते. आपल्या माणसांना सगळे ठाऊक होते, म्हणून कोणी लिहिले नाही.

सरकारकडे माझे एकच मागणे आहे. जलालेखन शिकवणारी देशाची संस्था आपल्या गोव्यातच आहे. दर वर्षी बंदी उठण्याच्या सुमारास मासेमारीच्या लहान नदीमुखांची मोजणी व्हावी आणि ती देवनागरीत, वांव आणि मीटर दोन्ही लिहून, जेटीवर फुकट लावावी. पण ते होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरात म्हातारा तांडेल आहे त्यांनी यंदा कार्डाआधी एक शंभर पानी वही आणावी. एका बाजूला यंत्रातला आकडा, दुसर्‍या बाजूला त्यांच्या तोंडचे नाव.

आमच्या शेजार्‍याने ती आणली आहे. भाच्याचा हात जुळला, पण पूर्ण सरळ होत नाही. होडीवर तो आता वही सांभाळतो. पहिल्या पानावर आबांची सात-आठ नावे आहेत, आणि त्याखाली या वर्षीचा दांडा कुठे आहे ते, तारीख घालून.