प्रबंध कपाटात, रोगी वाऱ्यावर!

मुंबईच्या नळाला जे पाणी येते त्याचा मोठा वाटा शहापूर तालुक्याच्या डोंगरदऱ्यांतून येतो. तानसा तलाव तर १८९२ सालापासून ही चाकरी बजावीत आहे. सापगावावरून वाहणारी भातसाही त्याच सेवेस जुंपलेली आहे. आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहण्याची पाळी येते, हे दुखणे आमच्या वाचकांना नवे नाही. परंतु पाण्याखेरीज आणखीही एक संपत्ती शहापूर-मुरबाडकडून शहराकडे वाहत जाते आणि परत येत नाही. तिच्यासाठी मोर्चे निघत नाहीत. ही संपत्ती म्हणजे येथल्या रोग्यांच्या वेदनेतून निपजणारे वैद्यकीय ज्ञान!

सापगाव, किन्हवली, डोळखांब किंवा टोकावडे येथील अत्यवस्थ रोगी प्रथम शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात अथवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात नेला जातो. तेथे निभावले नाही तर ठाणे, कळवा किंवा थेट मुंबई! तेथील मोठ्या रुग्णालयांत एम.डी., एम.एस.चे विद्यार्थी काम करीत असतात आणि पदवीसाठी त्यांतील प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. विषयाचा आराखडा, नीतिसमितीची मान्यता, रोग्यांची लेखी संमती, रक्ताच्या तपासण्या, संख्याशास्त्राची गणिते असे सोपस्कार वर्ष-दोन वर्षे चालतात. मग सोनेरी अक्षरांची बांधणी होते, परीक्षकांची संमती मिळते आणि पदवी पदरात पडते. पुढे काय? पुढे ग्रंथालयाचे कपाट, कपाटाला कुलूप आणि कुलुपावर धूळ!

हे आम्ही अतिशयोक्तीने लिहीत नाही. दिल्लीतील एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रबंधांचा आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. दहांपैकी जेमतेम तीन प्रबंधांतून शोधनिबंध निघाल्याचे त्यात आढळले. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांनी काय संशोधन छापले याची मोजदाद २०१६ साली झाली, तेव्हा त्यांतील ३३२ संस्थांच्या नावावर एकही शोधनिबंध निघाला नाही. आज देशात पदव्युत्तर वैद्यकीय जागा सत्तर हजारांच्या वर गेल्या आहेत. म्हणजे दरवर्षी हजारो प्रबंध लिहिले जातात आणि त्यांतील बहुतेक जन्मतःच मूक होतात.

कोणी म्हणेल, विद्यार्थ्याचा अभ्यास झाला, यात कोणाचे काय बिघडले? आमचे उत्तर असे की, येथे एक वचन मोडले जाते. प्रबंधासाठी रोग्याची संमती घेताना त्याला सांगितले जाते की, यात तुझा प्रत्यक्ष लाभ नसला तरी तुझ्यासारख्या इतरांचे पुढे भले होईल. मुरबाडचा कातकरी किंवा शहापूरचा ठाकूर त्या कागदावर अंगठा उठवितो तो या शब्दावर भरवसा ठेवून. वैद्यकीय संशोधनाची नीती सांगणारा हेलसिंकीचा जाहीरनामा १९६४ सालचा. त्याच्या पुढील आवृत्त्यांनी निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते जगापुढे ठेवणे हे संशोधकाचे कर्तव्य ठरविले. कपाटात कोंडलेला प्रबंध हा त्या अंगठ्याचा अपमान आहे.

सर्पदंशाचेच उदाहरण घ्या. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. भातलावणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला ही भीती पुस्तकात वाचावी लागत नाही. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते, वेदना फारशी होत नाही, खूण दिसत नाही, आणि पहाटे पोटात दुखू लागते तोवर वेळ निघून गेलेली असते. रोगी किती तास उशिरा पोचला, ते तास कोठे गेले, पहिली लस कोठे टोचली गेली, ही माहिती कोणा विद्यार्थ्याने कष्टाने जमविली असेल, तर ती प्रथम तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या टेबलावर यावयास हवी.

छापण्याने काय घडते याचा धडा आपल्याच कोकणात गिरविला गेला आहे. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रोगी डोळ्यांत तेल घालून पाहिले. त्यांची निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली; प्राझोसिन या औषधाचा उपयोगही त्यांनी छापून जगापुढे मांडला. ती टिपणे त्यांच्या टेबलाच्या खणात राहिली असती, तर एका तालुक्याचे रोगी वाचले असते. छापल्यामुळे ती साऱ्या देशाच्या कामी आली.

तथापि, सक्तीने शोधनिबंध छापवून घ्यावेत, असे आम्ही म्हणणार नाही. तो प्रयोग होऊन गेला आहे. २००० सालच्या नियमावलीने विद्यार्थ्याला परीक्षेपूर्वी एक निबंध छापावा अथवा निदान छापण्यासाठी पाठवावा, अशी अट घातली. नुसते ‘पाठविले’ तरी भागत असल्याने अट कागदावर पाळली गेली. आणि सक्तीच्या बाजारात, पैसे मोजा व छापून घ्या, असा धंदा करणारी नियतकालिके गबर झाली. पुढे २०२३ च्या नियमावलीने ही अट सैल केली. सर्वच प्रबंध छापण्याच्या योग्यतेचे नसतात, हा आक्षेपही खरा आहे. पण जो प्रबंध उघड्यावर ठेवण्यास लाज वाटते, तो पदवीस पात्र कसा ठरतो, याचे उत्तर परीक्षकांनी द्यावे!

म्हणून आमची सूचना साधी आहे. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या सार्वजनिक भांडारात ठेवण्याची पद्धत देशात रूढ झाली आहे. तोच न्याय एम.डी., एम.एस.ला लावावा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मान्य झालेला प्रत्येक प्रबंध, रोग्यांची ओळख काढून टाकून, सर्वांना खुला करावा. ज्याला निबंध छापावयाचा असेल त्याला वर्षभराची सवड द्यावी. त्या निबंधावर ज्याने काम केले त्या विद्यार्थ्याचे नाव पहिले असावे. प्रत्येक प्रबंधासोबत दोन पानांचा मराठी सारांश असावा आणि ज्या तालुक्यातील रोगी त्यात आले, तेथील रुग्णालयाला तो पाठवावा. उसनवारीच्या प्रबंधांची भीती दाखविणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की, चोरी अंधारात फावते, उजेडात नव्हे.

याला धरण बांधावे लागत नाही. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील अध्यापकांनी १९५५ साली स्वतःचे पदव्युत्तर वैद्यकाचे नियतकालिक काढले, ते आजही चालू आहे. इच्छा असली की मार्ग निघतो, हे त्यांनी दाखविले. विद्यापीठाने एका परिपत्रकाने हे काम उद्या सुरू करता येईल. ज्यांच्या रक्ताच्या थेंबांवर डॉक्टरांच्या पदव्या उभ्या राहतात, त्यांना त्या ज्ञानाचा हिशेब मिळालाच पाहिजे!