मटण बंद, पण रस्सा तोच! जुन्नर-आंबेगावच्या मासवडी-शेंगोळ्यांचं गणित काय आहे?

श्रावण जवळ आला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. गटारीचे मीम आणि मटणाच्या दुकानांवरून वाद. २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने १५ ऑगस्टला मांसविक्री बंद ठेवायचा आदेश काढला आणि कुणी काय खावं यावर राज्यभर भांडण पेटलं.

पण स्वतःहून मटण-चिकन कमी करणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच आहे. कुणी श्रावण पाळतं, कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, कुणाचा महिनाअखेरीला खिसा रिकामा असतो. मग खायचं काय? पनीर महाग आणि रोजच्या वरणाने जिभेचं समाधान होत नाही.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत याचं उत्तर कधीच सापडलंय. मासवडी.

नावात मासा आहे, ताटात नाही. बेसन फोडणीच्या उकळत्या पाण्यात घोटून घट्ट शिजवायचं, गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं. त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं. फडक्यानेच गुंडाळी करून दाबायची आणि तिरक्या वड्या कापायच्या. त्या माशाच्या तुकड्यांसारख्या दिसतात, म्हणून हे नाव. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगाव, मंचरच्या आसपास हॉटेलांच्या पाट्यांवर मासवडी दिसतेच.

आता तुम्ही म्हणाल, बेसनच तर आहे, त्यात एवढं काय? गंमत इथेच आहे. मटणाच्या रश्श्याची बरीचशी चव कांदा-खोबऱ्याच्या भाजलेल्या वाटणात आणि वर आलेल्या तर्रीत असते. कडधान्यांत चरबी कमी असते, म्हणून नुसती शिजवली की ती सपक लागतात. मासवडीत ती उणीव तीळ आणि खोबरं भरून काढतात, आणि रस्सा तर मटणाचाच, फक्त मटणाशिवाय. आपण मात्र मटणाला वाटण आणि उसळीला नुसती मोहरी-हळद टाकतो, आणि वर नावं उसळीला ठेवतो!

घरी मासवडी जमेलच असं नाही, बेसन थापताना हात भाजतात. सोपा पर्याय म्हणजे शेंगोळे. हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या पिठात थोडं गव्हाचं किंवा ज्वारीचं पीठ, लसूण-मिरचीचं वाटण, जिरं, मीठ घालून घट्ट मळायचं. बोटाएवढ्या वळकट्या करायच्या आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. पीठ थोडं सुटतं आणि रस्सा आपोआप दाट होतो. रात्रभर भिजवायची भानगड नाही. अख्खी मटकी किंवा वाल करणार असाल तर चिंच-कोकम शेवटी घाला, आंबट आधी पडलं की दाणा लवकर शिजत नाही.

प्रोटीनचं काय? १०० ग्रॅम कोरड्या बेसनात किंवा हुलग्यात साधारण २०-२२ ग्रॅम प्रोटीन असतं, कच्च्या चिकनच्या आसपास. पण रीलमध्ये हा आकडा सांगताना एक गोष्ट गाळली जाते. शिजताना कडधान्य भरपूर पाणी पितं, त्यामुळे वाटीभर उसळीत तेवढं प्रोटीन नसतं. शिवाय डाळींमध्ये मिथिओनिन नावाचा घटक कमी असतो. तो तिळात आणि बाजरीत मिळतो. म्हणजे मासवडी-भाकरीची जोडी चवीबरोबर पोषणातही जमते.

खरी अडचण शेतात आहे. हुलगा हे माळरानाचं, कमी पाण्याचं पीक. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे धरणांनी या भागात पाणी खेळवलं. पाण्याखालच्या रानात मग ऊस, टोमॅटो, कांदा, द्राक्षं आली. शेतकऱ्याने का आणू नयेत? पैसा तिथे आहे.

केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये ११,४४० कोटींचं कडधान्य आत्मनिर्भरता मिशन सुरू केलं. २०३०-३१ पर्यंत देशाचं उत्पादन ३५० लाख टनांवर न्यायचंय. पण त्यात विशेष भर तूर, उडीद आणि मसूर यांच्यावर आहे. हमीभावाच्या यादीत यांच्यासोबत मूग आणि हरभरा आहेत, हुलगा नाही. म्हणजे मासवडीच्या हरभऱ्याला सरकारने २०२६-२७ च्या हंगामासाठी क्विंटलला ५,८७५ रुपये भाव जाहीर केलाय. शेंगोळ्यांच्या हुलग्याला मात्र त्या दिवशी बाजारात व्यापारी जो लावेल तो भाव.